बुऱ्हाणपूरचा कैदी आणि राष्ट्रपतींची सही

जानेवारी १६२२. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात बादशहा जहांगीरचा थोरला मुलगा खुस्रू कैदेत मेला. बापाविरुद्ध त्यानं केलेल्या बंडाला सोळा वर्षं होत आली होती. त्या बंडाची शिक्षा म्हणून त्याचे डोळे अधू केले गेले होते, आणि अखेरीस त्याला धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या ताब्यात दिलं होतं. दख्खनच्या मोहिमेवर येताना खुर्रम या कैद्याला सोबत घेऊन आला. काही काळानं त्यानं दरबारी कळवलं, की खुस्रू पोटशुळानं गेला. जहांगीरनं आपल्या आठवणींत जवळजवळ तेवढ्याच शब्दांत नोंद केली आणि पुढच्या विषयाकडे वळला. युरोपीय व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी मात्र हा खून असल्याचं उघड लिहून ठेवलं. बहुतेक इतिहासकारही तेच मानतात. खुस्रूला आधी बुऱ्हाणपुरातच पुरलं, मग त्याचे अवशेष उत्तरेत हलवले. आज त्याची कबर अलाहाबादच्या खुस्रू बागेत आहे. सहा वर्षांनी खुर्रम शाहजहान या नावानं तख्तावर बसला.

चौकशी झाली नाही. करणार कोण? कैदी ज्याच्या ताब्यात होता, त्याला जाब विचारू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यानं विचारायचं नाही असं ठरवलं.

सर्वोच्च सत्तेला आवर घालण्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. धरून ठेवलेला माणूस कुठे आहे, त्याला कोणत्या अधिकारानं धरलं, आणि हे विचारायला धरणाऱ्याखेरीज दुसरं कुणी आहे का? बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यासारख्या गावावरून हा इतिहास वाचला, तर तो दिल्लीच्या पुस्तकांत दिसतो त्यापेक्षा वेगळा दिसतो. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या, केळी पिकवणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या या मुलखाचा कारभार कधी बुऱ्हाणपूरच्या सुभेदारानं पाहिला, कधी पुण्यानं, कधी शिंद्यांनी. इंग्रजी अमदानीत तो नागपुराहून चालला आणि १९५६ पासून भोपाळहून. राज्यकर्ते बदलले तसे त्यांना अडवण्याचे मार्गही बदलले. काही वेळा मार्ग होता, पण अडवायला कुणी उभं राहिलं नाही.

अकबरानं १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि खानदेश हा मोगल सुभा झाला. सुभेदार मनमानी करेल ही भीती मोगलांना पुरेपूर होती, म्हणून त्यांनी त्याच्या शेजारी दिवाण बसवला. फौज आणि बंदोबस्त सुभेदाराकडे, महसूल आणि खजिना दिवाणाकडे. दिवाण सुभेदाराचा नोकर नव्हता. तो थेट बादशाही दिवाणाला उत्तर देई. न्यायाला काझी वेगळा. शिवाय वाकियानवीस, म्हणजे सुभ्यातल्या घडामोडी लिहून दरबाराला पाठवणारा बातमीदार, आणि त्याच्याही नकळत लिहिणारे गुप्त बातमीदार. एकाची चूक दुसऱ्यानं वर कळवावी अशी ही रचना होती.

ती किती बारीक चाले याचा एक नमुना बुऱ्हाणपूरच्या आंब्याचा आहे. शाहजहानला इथल्या एका झाडाचे आंबे फार आवडत. झाडाचं नावच पडलं होतं ‘बादशाह पसंद’. १६५० च्या दशकात औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता. आंबे हवे तसे पोहोचले नाहीत, तेव्हा बापानं मुलावर ठपका ठेवला, की चांगली फळं तूच खाल्लीस. औरंगजेबाला पत्रानं खुलासा करावा लागला. दख्खनच्या सुभेदाराला आंब्यांचा हिशेब द्यावा लागत होता. त्याच शाहजहानला खुस्रूचा हिशेब कधी द्यावा लागला नव्हता. मोगलांची नजर वरून खाली पोहोचे. खालून वर पाहण्याची सोय तिच्यात नव्हती.

मराठी राज्यात एकदा ती सोय, निदान काही दिवसांपुरती, झाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवा नारायणराव मारला गेला आणि चुलता रघुनाथराव गादीवर आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास केला आणि दोष खुद्द नव्या पेशव्याकडे जातो असं तोंडावर सांगितलं. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही, असं त्यांनी बजावल्याचं मराठी परंपरा सांगते. शास्त्रीबुवांकडे फौज नव्हती. ते पद सोडून निघून गेले. पण न्यायाधीशानं दिलेला तो निर्वाळा नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांच्या हाती बळ देऊन गेला. या कारभाऱ्यांच्या गटानं, म्हणजे बारभाईंनी, रघुनाथरावाला दूर केलं आणि नारायणरावाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला पेशवाईची वस्त्रं दिली. रामशास्त्री परत आले. इथे आवर घालणारे दोन होते, एक बोलणारा आणि दुसरे त्या बोलण्यावर उभे राहणारे. दोघांपैकी एक जरी नसता, तरी काम झालं नसतं.

हे सूत्र लक्षात ठेवून थेट १९४९ च्या दिल्लीत यावं लागतं. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडच्या निमाड जिल्ह्यात होतं, राजधानी नागपूर. या प्रांताकडून घटना समितीत गेलेले एक सदस्य होते हरि विष्णू कामत. आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले हे गृहस्थ. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीची कलमं चर्चेला आली तेव्हा कामत त्यांच्याविरुद्ध सर्वांत जोरात बोलले. जर्मनीच्या वायमार राज्यघटनेत कलम ४८ होतं. राष्ट्राध्यक्षाला संकटकाळी मूलभूत हक्क स्थगित करता येत. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, संसद भवनाला आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, हिंडेनबुर्ग यांनी त्याच कलमाखाली हुकूम काढला आणि हिटलरचा मार्ग मोकळा झाला. कामतांनी हे उदाहरण सभागृहापुढे ठेवलं. मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्गच राष्ट्रपतींच्या आदेशानं बंद करता येईल, ही तरतूद मंजूर झाली तो दिवस त्यांना लाजिरवाणा वाटला आणि तसं ते बोलले.

त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी राज्य सरकारं बरखास्त करण्याच्या कलमाबद्दल आशा व्यक्त केली, की ते कधी वापरावं लागणार नाही, कागदावरच निपचित पडून राहील. आंबेडकरांची आशा आणि कामतांची भीती यांपैकी कोणती खरी ठरली, हे पुढच्या पंचेचाळीस वर्षांत मध्य प्रदेशानं स्वतःच्या अंगावर पाहिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची सत्ता त्याची स्वतःची असते. भारतात राष्ट्रपतींची सही राष्ट्रपतींची, पण निर्णय मंत्रिमंडळाचा. म्हणून आपल्याकडे राष्ट्रपतींच्या अधिकाराचा गैरवापर म्हणजे बहुतेक वेळा त्या सहीमागे उभ्या असलेल्या पंतप्रधानांचा गैरवापर. अशा वेळी सही मागायला आलेल्याला राष्ट्रपतींनी विचारायचा प्रश्न साधा असतो: मंत्रिमंडळानं ठरवलं का?

२५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणी जाहीर होताना, हा प्रश्न विचारला गेला. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे सचिव के. बालचंद्रन यांनी पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाला त्या रात्रीची हकिगत सांगितली. पंतप्रधान इंदिरा गांधींचं पत्र राष्ट्रपतींनी त्यांना दाखवलं. मंत्रिमंडळाची बैठक आज रात्री शक्य नाही, म्हणून कार्यनियमांतल्या नियम १२ खाली मी स्वतःच्या अधिकारात ही अट शिथिल करत आहे, असा त्या पत्राचा आशय. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय राष्ट्रपतींना असं करता येणार नाही, असं बालचंद्रन यांनी सांगितलं. राष्ट्रपतींनी पंतप्रधानांशी फोनवर बोलणं केलं. बालचंद्रन परत आले तोवर घोषणेचा मसुदा पोहोचला होता आणि त्यावर सही झाली होती. मंत्रिमंडळाला ही गोष्ट सकाळी सहा वाजता बोलावून सांगितली गेली. बोलणारा होता, त्याच्या बोलण्यावर उभं राहणारं त्या रात्री राष्ट्रपती भवनात कुणी नव्हतं.

२७ जूनला दुसरा आदेश निघाला. कलम १४, २१ आणि २२ खालचे हक्क बजावण्यासाठी कोर्टात जाण्याची मुभा स्थगित. कामतांना नेमकी हीच भीती होती. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कैदेत ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, देशभरात सुमारे ३५ हजार माणसं डांबली गेली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक.

जबलपूरचे वकील शिवकांत शुक्ल त्यांच्यातलेच एक. जुनं नागपूर उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय म्हणून जबलपूरला गेलं होतं. त्या न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदेची कायदेशीरता तपासण्याचा, अर्ज झाला. सरकारचं म्हणणं, राष्ट्रपतींच्या आदेशानंतर असा अर्ज ऐकताच येत नाही. न्यायालयानं सप्टेंबर १९७५ मध्ये ते फेटाळलं. हुकूम कायद्यात बसतो का, इतकं तरी आम्ही पाहणार, असा त्याचा रोख होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही असंच म्हटलं, आणि देशातल्या आणखी काही उच्च न्यायालयांनी. आणीबाणीच्या ऐन भरात, बदल्यांची टांगती तलवार असताना, प्रांतोप्रांतीच्या न्यायाधीशांनी हे लिहिलं. या निकालांची आठवण आपण फार कमी ठेवतो. सगळं लक्ष सर्वोच्च न्यायालयातल्या पराभवाकडे जातं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कैद्यांसाठी कुठल्या तरी न्यायालयाचं दार काही महिने खरोखर उघडं होतं, हे विसरलं जातं.

सरकार अपिलात गेलं. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावानं तो खटला आता जगभरच्या कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, की पोलिसानं वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही उपाय आहे का? डे म्हणाले, आणीबाणी असेतोवर नाही. बुऱ्हाणपुरातल्या १६२२ च्या कैद्याला जे उत्तर मिळालं असतं, ते साडेतीनशे वर्षांनी प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयात भर दिवसा दिलं गेलं.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ रे, बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड आणि भगवती हे चौघे सरकारच्या बाजूनं. एकटे खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

वॉशिंग्टनमध्ये दोनच वर्षांपूर्वी याच्या उलट घडलं होतं. २४ जुलै १९७४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करायला सांगितलं. त्या आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. दोन्हीकडे न्यायालय स्वतंत्र असल्याचं संविधानात लिहिलेलं होतं. फरक १९७३ मध्ये पडला होता. एप्रिल १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना बाजूला सारून रे यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं, तेव्हा बाकीच्यांना जो संदेश पोहोचायचा तो पोहोचला होता. न्यायालयाचा कणा खटल्याच्या दिवशी मोडत नाही. नेमणुकीच्या दिवशी मोडतो.

१९७७ मध्ये सत्ता बदलली. नव्या लोकसभेत होशंगाबादहून निवडून आलेले एक सदस्य होते हरि विष्णू कामत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीच्या वेळी ते सभागृहात होते आणि विधेयक आणणारे कायदामंत्री होते शांतिभूषण, ज्यांनी त्या खटल्यात कैद्यांची बाजू मांडली होती. दुरुस्तीनं बरंच काही बांधून घेतलं. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, अशी अट आली. संसदेनं महिन्याभरात विशेष बहुमतानं मंजुरी दिली पाहिजे. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली, तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी बैठक बोलवावीच लागेल. आणि जीविताचा हक्क, कलम २१, कोणत्याही परिस्थितीत स्थगित करता येणार नाही. यातली प्रत्येक अट म्हणजे १९७५-७६ मधल्या एकेका प्रसंगाला दिलेलं उत्तर आहे. वाचताना त्या रात्रीचा क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो.

जबलपूरचा निकाल औपचारिकपणे रद्द व्हायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो चुकीचा ठरवणारे शब्द लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांचं मत मुलानं खोडलं.

आणीबाणीचं कलम असं बांधलं गेलं, पण राज्य सरकारं बरखास्त करण्याचं कलम ३५६ अजून मोकळंच होतं, आणि त्याचा मार मध्य प्रदेशानं तीनदा खाल्ला. पहिला त्या दुरुस्तीच्याही आधी, एप्रिल १९७७ मध्ये. लोकसभेत काँग्रेस हरली म्हणून जनता सरकारनं नऊ काँग्रेसी राज्यांना विधानसभा विसर्जित करायला सांगितलं. मध्य प्रदेशासह सहा राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली. राष्ट्रपतींच्या समाधानात आम्ही डोकावणार नाही, हेतू उघडउघड दुष्ट असेल तरच पाहू, असं न्यायालय म्हणालं. कार्यवाहक राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी सहीला थोडा उशीर लावला, इतकाच काय तो अडसर.

१७ फेब्रुवारी १९८० ला काँग्रेसनं त्याच नाण्यात परतफेड केली. पुन्हा नऊ राज्यं. महाराष्ट्रात शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं, आणि मध्य प्रदेशात सुंदरलाल पटवा यांचं, जे महिनाभरही टिकलेलं नव्हतं. दोन्ही पक्षांचे हात आता सारखेच मळले होते. त्यामुळे तक्रार करायला नैतिक बळ कुणाकडेच उरलं नव्हतं.

तिसरा प्रसंग बुऱ्हाणपूरच्या सर्वांत जवळचा. १९९० मध्ये पटवा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले बुऱ्हाणपूर भागातले नेते ब्रिजमोहन मिश्र. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. भोपाळमध्ये दंगल उसळली. राज्यपाल कुंवर महमूद अली खान यांनी ८, १० आणि १३ डिसेंबरला दिल्लीला तीन अहवाल पाठवले. भोपाळच्या भेल कारखान्याच्या प्रमुखांनी कामगार वसाहतीतल्या बेबंदशाहीबद्दल लिहिलेलं पत्रही त्यांनी जोडलं. १५ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश ही तिन्ही सरकारं बरखास्त झाली. घोषणेवर सही करणारे राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा हे स्वतः भोपाळचे. १९५० च्या दशकात ते भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री होते.

विधानसभा विसर्जित झाली तरी घटनेच्या कलम १७९ प्रमाणे अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपर्यंत पदावर राहतो. म्हणून पुढचं जवळजवळ वर्षभर मिश्र अध्यक्ष होते आणि सभागृहात आमदार एकही नव्हता. बुऱ्हाणपूर, नेपानगर, दापोरा या भागातल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं मांडायला विधानसभेत प्रतिनिधी नव्हता. कारभार राज्यपाल आणि अधिकारी पाहत होते.

पटवा जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. १९७५ मध्ये ज्या न्यायालयानं कैद्यांचे अर्ज ऐकले, त्याच न्यायालयानं एप्रिल १९९३ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं राष्ट्रपतींची घोषणा घटनाबाह्य ठरवली. अहवालांत आहे तेवढ्यावरून घटनेची यंत्रणा कोलमडली असं म्हणता येत नाही, असं बहुमत होतं. राष्ट्रपतींच्या सहीखाली गेलेलं राज्य सरकार त्या सहीमागची कारणं तपासायला लावतं आणि उच्च न्यायालय ती तपासून अपुरी ठरवतं, हे या देशात फारच क्वचित घडलं होतं.

केंद्र सर्वोच्च न्यायालयात आलं. कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचं प्रकरण तिथे आधीच होतं. १९८९ मध्ये त्यांनी बहुमत सिद्ध करायची तयारी दाखवूनही त्यांना संधी न देता सरकार बरखास्त केलं गेलं होतं. ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायमूर्तींनी एकत्र निकाल दिला. त्यातलं एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. राष्ट्रपतींच्या समाधानामागची सामग्री न्यायालय मागवू शकतं. बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरणार नाही, सभागृहात ठरेल. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी येईतोवर विधानसभा फक्त निलंबित ठेवायची, विसर्जित नाही. आणि घोषणा बेकायदा ठरली, तर गेलेलं सरकार परत आणता येईल. तोवर हे कलम नव्वदहून अधिक वेळा वापरलं गेलं होतं. नंतर त्याचा सुळसुळाट थांबला.

मध्य प्रदेश मात्र हरला. धर्मनिरपेक्षता हा घटनेचा पाया आहे आणि तिच्याविरुद्ध वागणारं सरकार घटनेप्रमाणे चालत नाही, असं सांगून तिन्ही बरखास्त्या वैध ठरल्या. तत्त्व योग्य होतं. पण कर्नाटकाला जी काटेकोर कसोटी लावली, ती मध्य प्रदेशाच्या अहवालांना तितक्या काटेकोरपणे लावली गेली नाही, असं निकाल वाचताना वाटतं. शिवाय तोवर नोव्हेंबर १९९३ ची निवडणूक होऊन दिग्विजय सिंहांचं सरकार आलेलं होतं. उशिरा आलेला निकाल पुढच्यांच्या कामी आला, ज्यांनी तो लढवला त्यांच्या नाही.

पुढच्यांमध्ये एक नाव अनपेक्षित आहे, खुद्द राष्ट्रपतींचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश आणि सप्टेंबर १९९८ मध्ये बिहार बरखास्त करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. ४४ व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींना एकदा फेरविचार करायला सांगण्याचा अधिकार दिला होता आणि बोम्मई निकालानं त्याला आधार दिला होता. बालचंद्रन यांनी १९७५ मध्ये जे म्हटलं, ते म्हणायला आता राष्ट्रपतींजवळ लेखी कलम होतं.

एकटा माणूसही हे काम करू शकतो, याचं उदाहरण पुण्यात सापडतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश एकेक करून तपासले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश विधानसभेपुढे कायदा म्हणून न आणता पुन्हापुन्हा काढले गेले होते. काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ ला न्यायालयानं हा प्रकार घटनेची फसवणूक ठरवला आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी देवविले. अध्यादेश राज्यपालांचे होते, पण राष्ट्रपतींचा अध्यादेशाचा अधिकार त्याच धाटणीचा असल्यामुळे हा निकाल दिल्लीलाही बांधून घेतो.

दापोऱ्याच्या मतदाराच्या हाती थेट असलेलं साधन गावापुरतं आहे. मध्य प्रदेशाच्या पंचायत कायद्यात सरपंचाला परत बोलावण्याची सोय आहे. गावच्या निम्म्याहून अधिक मतदारांनी गुप्त मतदानात ‘नको’ म्हटलं, की सरपंचाचं पद जातं. राष्ट्रपतींवर महाभियोग चालवायला कलम ६१ आहे, संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ते आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही. गावापासून दिल्लीपर्यंतचं अंतर मतदाराच्या वतीनं न्यायालयं, संसद आणि वर्तमानपत्रांनी भरून काढायचं असतं.

ते अंतर किती भरलं, याची एक परीक्षा सीमेपलीकडे महाराष्ट्रात झाली. १२ नोव्हेंबर २०१९ ला तिथे राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवल्याची अधिसूचना निघाली आणि काही तासांतच देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता राजवट उठवण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे गेली ती नियम १२ खाली. १९७५ च्या त्या रात्री वापरलेला तोच नियम, तोच क्रमांक. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत, उघड मतदानानं आणि थेट प्रक्षेपणासह बहुमत सिद्ध करायला सांगितलं. त्या पीठावर न्यायमूर्ती रमणा आणि भूषण यांच्यासोबत संजीव खन्ना होते, हंसराज खन्नांचे पुतणे. त्याच दुपारी फडणवीसांनी राजीनामा दिला. चार महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, भोपाळमध्येही न्यायालयानं सभागृहात मोजणी करायला सांगितली आणि मुख्यमंत्री कमलनाथ यांनी आदल्या रात्रीच्या आदेशानंतर राजीनामा दिला. दोन राज्यं, दोन वेगवेगळे पक्ष, बोम्मई निकालाची एकच कसोटी.

नियम १२ मात्र कुणी तपासला नाही. राष्ट्रीय आणीबाणीपुरती ती वाट १९७८ मध्ये बंद झाली, कारण कलम ३५२ मध्ये मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला गेला. राष्ट्रपती राजवट लावण्या-उठवण्याच्या कलम ३५६ मध्ये तशी सक्ती आजही नाही. एका पंतप्रधानाच्या शब्दावर पहाटे राजवट उठू शकते, तर एका पंतप्रधानाच्या शब्दावर रात्री लागूही शकते. ही फट बुजवायला एका कलमात एक वाक्य घालावं लागेल, आणि ते घालण्याचं काम संसदेचं आहे. खंडव्याचा असो की रावेरचा, खासदार मत मागायला दारात आला, की त्याला हे विचारावं.